बाबांची वही, बाबांचा आवाज : स्मरणग्रंथ करून देणाऱ्या एका सेवेचा अनुभव

बाबा गेल्यावर त्यांच्यामागे उरलेल्या वस्तूंची आम्ही भावंडांनी यादी केली, ती अर्ध्या पानात संपली: जाड पुठ्ठ्याच्या बांधणीची एक वही, अकरा कॅसेटी, चिकट पानांचे दोन अल्बम, वर्तमानपत्रांची काही कात्रणे आणि छापखान्यातल्या खिळ्यांची, म्हणजे अक्षरांच्या धातूच्या ठशांची, एक लहानशी पेटी. जुन्या कॅसेटी आणि छायाचित्रे संगणकीय स्वरूपात उतरवून देणाऱ्या, घरच्यांच्या मुलाखती घेऊन मजकूर लिहिणाऱ्या आणि त्या सगळ्याचा मिळून स्मरणग्रंथ छापून देणाऱ्या एका सेवेकडे आम्ही हे साहित्य सोपवले. काम साडेआठ महिने चालले. ग्रंथ हाती येऊन आता दोन महिने झाले आहेत, तो अनेकदा वाचून आणि ध्वनिमुद्रणे अनेकदा ऐकून झाली आहेत, आणि म्हणून पहिल्या भरातले मत न देता सवडीने हा अभिप्राय लिहीत आहे. आपल्या आईवडिलांविषयी असे काही करून घेण्याचा विचार ज्यांच्या मनात आहे, त्यांना यातले बरे आणि वाईट दोन्ही उपयोगी पडावे.

बाबा छापखान्यात जुळारी होते, म्हणजे एकेक खिळा उचलून स्टिकमध्ये, म्हणजे हातात धरायच्या लहान पट्टीत, ओळी जुळवण्याचे काम करत. शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रधातूचे खिळे दिवसभर हाताळल्यामुळे त्यांच्या बोटांच्या पेरांत काळेपणा मुरलेला असे. संध्याकाळी घरी आल्यावर ते आधी कोपरापर्यंत हात धूत, नखांखालची घाण काढायला ठेवलेला जुना ब्रश वापरत, आणि हात पुरते स्वच्छ झाल्याची खात्री होईपर्यंत आम्हा मुलांना जवळ येऊ देत नसत. शिसे मोठ्यांपेक्षा लहान मुलांना कितीतरी अधिक बाधते, हे त्यांना ठाऊक होते. त्याच धुतलेल्या हातांनी ते प्रार्थनेला बसत. प्रार्थना संपली की खिशात कोरे कागद आणि पेन्सिलीचा तुकडा घालून ते रुग्णालयाच्या सार्वजनिक कक्षात जात आणि ज्यांना लिहिता येत नाही किंवा आजारपणामुळे लिहिणे झेपत नाही, अशा रुग्णांची पत्रे लिहून देत. पुढे छापखान्यात संगणक आले, खिळ्यांचे काम संपले आणि बाबा छापायच्या मजकुरातल्या चुका शोधणारे मुद्रितशोधक झाले, तरी संध्याकाळचा हा क्रम त्यांनी निवृत्तीनंतरही बरीच वर्षे मोडला नाही.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की, सेवेच्या पहिल्याच अर्जावर ग्रंथाची रचना आधीच ठरलेली होती. 'श्रद्धा', 'कुटुंब' आणि 'सेवा' असे तीन विभाग, प्रत्येकाला ठरावीक पाने आणि प्रत्येकाच्या आरंभी एक सुवचन, असा तो साचा होता. अर्ज भरताना मी पहिल्याच प्रश्नाशी अडले. हात धुण्याची ती दहा मिनिटे कोणत्या विभागात घालायची? ती आमच्यासाठी होती, प्रार्थनेसाठी होती आणि रुग्णांच्या खाटेला हात लागण्याआधीचीही होती. ग्रंथाचे काम पाहणाऱ्या संपादिकेला मी ही अडचण फोनवर सांगितली, तेव्हा मला वाटले होते की त्या साच्यातच काहीतरी जुळवून घ्यायला सांगतील. त्यांनी तसे केले नाही. त्यांनी वही पाहायला मागितली, दोन दिवस ती वाचली आणि साचा बाजूला ठेवून वहीतल्या तारखांच्या क्रमाने ग्रंथ लावण्याचे सुचवले. या सेवेविषयी मनात जो आदर आहे, त्याची सुरुवात या एका निर्णयापासून झाली. साचा बदलायचा असेल तर काम सुरू होण्याआधीच तसे बोलावे लागते, एवढे मात्र लक्षात ठेवावे. पाने लागल्यावर त्यांनाही तो बदलता येत नाही.

मुलाखतींसाठी संपादिका तीन वेळा घरी आल्या. प्रत्येकाला एकटे बसवून विचारण्याऐवजी त्यांनी आम्हाला जोडीजोडीने बसवले: आई आणि मी, मी आणि भाऊ, भाऊ आणि मामा. अमेरिकेत २००३ साली सुरू झालेल्या 'स्टोरीकॉर्प्स' या उपक्रमात एकमेकांना ओळखणारी दोन माणसे सुमारे ४० मिनिटे समोरासमोर बसून बोलतात आणि ते ध्वनिमुद्रण तिथल्या संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, ग्रंथालयात जतन होते, हे मी पूर्वी वाचले होते. पण ही पद्धत इतकी परिणामकारक का ठरते, ते आता कळले. अनोळखी माणसाला सांगताना आपण वडिलांची थोरवी सांगू लागतो. भावाला सांगताना तसे करता येत नाही, कारण त्यानेही तेच घर पाहिलेले असते, आणि तो लगेच म्हणतो, "नाही ताई, त्या दिवशी बाबा रागावले होते." बाबा रागावत, हे मी विसरून गेले होते. प्रार्थनेच्या वेळी आम्ही कुजबुजलो तर ते डोळे न उघडता नुसता हात वर करत, आणि तो वर झालेला हात आम्हाला छडीपेक्षा जास्त लागत असे.

संपादिकेचे प्रश्न फार साधे होते. बाबा कसे होते, असे त्यांनी एकदाही विचारले नाही. त्यांच्या खिशात काय असायचे, चप्पल कुठे काढून ठेवत, आजारी पडले की काय म्हणत, कोणाला पाहून उठून उभे राहत, असे त्या विचारत गेल्या. खिशाच्या प्रश्नावर आई बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, "पेन्सिल. पेन नसायचं यांच्याकडे. शाईचं पेन रुग्णाच्या चादरीवर सांडलं तर त्या माणसाला बोलणी बसतील, म्हणायचे." मी या घरात वाढले, पण बाबा पेन्सिलीनेच पत्रे का लिहीत, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. या मुलाखतींसाठी वेगळे शुल्क पडते आणि ते वाचवून घरच्यांनीच मजकूर लिहून देण्याची सोयही आहे, पण माझे स्पष्ट मत असे आहे की पैसे वाचवायचेच असतील तर पाने कमी करावीत. मुलाखती सोडू नयेत.

एवढ्या चांगल्या मुलाखतींनंतर मजकुराचा जो पहिला खर्डा आला, त्याने आम्हा सर्वांची निराशा केली. तो संपादिकेने लिहिलेला नव्हता, सेवेतल्या दुसऱ्या कोणा लेखकाने लिहिला होता. 'निष्ठावान', 'परोपकारी', 'आदर्श पिता', 'सेवेचे मूर्तिमंत प्रतीक' अशी विशेषणे ओळीओळीला होती, आणि बाबांचे नाव काढून त्या जागी दुसऱ्या कोणाचेही घातले असते तरी एकही वाक्य बदलावे लागले नसते. पेन्सिल त्यात नव्हती. वर झालेला हातही नव्हता. बाबांनी 'असंख्य रुग्णांना आधार दिला' असे एक वाक्य होते, आणि ज्या माणसाने प्रत्येक पत्राची तारीखवार नोंद ठेवली, त्याच्याबद्दल 'असंख्य' हा शब्द वापरलेला पाहून मला मनापासून वाईट वाटले. आम्ही खर्डा परत केला. दुसरा खर्डा संपादिकेने स्वतः लिहिला आणि त्यात मुलाखतीतले आमचे शब्द शक्य तिथे जसेच्या तसे ठेवले. त्यासाठी जादा शुल्क घेतले नाही, पण पाच आठवडे गेले. मजकूर नेमका कोण लिहिणार आहे, हे पहिल्या भेटीतच विचारून घ्यावे, असा माझा आग्रह राहील.

वहीविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण ग्रंथाचा जीव तीच आहे. पुढच्या बाजूने ती प्रार्थनांची वही आहे: बाबांनी वेगवेगळ्या ठिकाणांहून उतरवून घेतलेल्या प्रार्थना, टाकाने, सरळ, छापल्यासारख्या अक्षरात. मागच्या बाजूने उलटी धरली की ती पत्रांची नोंदवही होते. तारीख, कक्ष, खाट, पत्र कोणास, आणि उत्तर आले की त्यापुढे एक लहानशी खूण. 'खाट ११. आईस.' 'खाट ४. मालकास, रजेबद्दल.' 'खाट ७. मुलीस. पुन्हा लिहिले.' पत्रात काय लिहिले, याचा एक शब्दही कुठे नाही. अशा चारशेहून अधिक नोंदी आहेत, आणि पुढून येणाऱ्या प्रार्थना व मागून येणाऱ्या नोंदी वहीच्या मध्याच्या जवळ एकमेकींना भेटायला आल्या असताना मध्ये फक्त तीन कोरी पाने उरली आहेत.

ही वही त्यांनी ज्या काळजीने हाताळली, ती शिकण्यासारखी होती. वहीची शिवण सैल झाली होती, त्यामुळे सपाट काचेवर पालथी दाबून न ठेवता ती आधाराच्या पाळण्यात अर्धवट उघडी ठेवून वरून कॅमेऱ्याने पाने टिपली. सुट्या कागदांसाठी आणि छायाचित्रांसाठी ६०० डीपीआयचे (दर इंचाला ६०० ठिपक्यांचे) स्कॅन केले आणि मूळ प्रती माहिती न गाळता साठवणाऱ्या टिफ स्वरूपात दिल्या. जेपीईजीमध्ये साठवताना चित्रातली काही माहिती कायमची गाळली जाते, म्हणून जेपीईजी प्रती फक्त पाहण्यासाठी वेगळ्या दिल्या. पेन्सिलीच्या फिकट नोंदी वाचता याव्यात म्हणून त्या पानांवर बाजूने तिरपा प्रकाश टाकून पुन्हा छायाचित्रे घेतली. त्या प्रकाशात नोंदींबरोबर कागदावरचे दाबही दिसू लागले. 'पुन्हा लिहिले' या शब्दांवर पेन्सिल इतरांपेक्षा जोरात दाबलेली आहे.

वहीतल्या काही नोंदींत ज्यांना पत्र पाठवले त्यांची पूर्ण नावे आणि पत्तेही आहेत, आणि ती पाने ग्रंथात जशीच्या तशी छापावीत, असे माझ्या भावाला वाटत होते. संपादिकेने त्याला शांतपणे विचारले की तुमच्या वडिलांनी यातले कोणाला कधी दाखवले होते का. दाखवले नव्हते. ते गेल्यावर शोधाशोध करताना ही मागची बाजू आम्हाला सापडली, आणि आईला पत्रांचे माहीत असले तरी नोंदींचे माहीत नव्हते. मग ठरले की खाटेचा क्रमांक आणि नाते तेवढे ठेवायचे, नावे आणि पत्ते झाकायचे, आणि न झाकलेली पाने फक्त घरच्या संगणकीय प्रतीत ठेवायची. बाबांनी जन्मभर जे गुप्त राखले, ते त्यांच्या गौरवासाठी आम्ही उघडे करणार होतो, आणि ते एका परक्या बाईंनी थांबवले. यासाठी मी त्यांची ऋणी आहे.

आता कॅसेटींकडे वळते. अकरांपैकी चार कॅसेटी आम्ही पहिल्या फेरीत दिल्या, कारण उतरवण्याचे काम तासांवर मोजले जाते आणि सगळ्या एकदम देणे आम्हाला परवडणारे नव्हते. मामांनी १९८६ साली टेपरेकॉर्डर आणला आणि आमची संध्याकाळची प्रार्थना, बाबांचे वाचन, मधले बोलणे असे हाती लागेल ते मुद्रित करून ठेवले. यातल्या दोन कॅसेटी घरच्या यंत्रावर वाजतच नव्हत्या आणि फीत खराब झाली असावी, अशी भीती आम्हाला होती. प्रत्यक्षात फीत उत्तम होती. फितीला यंत्राच्या हेडवर, म्हणजे आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरणारी फेल्टची इवलीशी गादी असते, तिचा गोंद वाळून ती आत गळून पडली होती. त्यांनी फीत काढून नव्या कवचात बसवली, यंत्राच्या हेडचा कोन त्या मुद्रणाशी जुळवून घेतला, कारण तो किंचित चुकला तरी आवाज कोंदटतो, आणि मगच फीत वाजवली. म्हणून सांगते, वाजत नाही या कारणासाठी कोणी जुनी कॅसेट टाकून देऊ नये, आणि ती वाजते का हे पाहण्यासाठी धूळ खात पडलेल्या यंत्रात तर मुळीच घालू नये.

ध्वनिमुद्रण त्यांनी ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट या दर्जाने उतरवले. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटची आहे आणि मूळ मुद्रणात कोणतीही सुधारणा न करता ते उतरवून ठेवावे, असा तिचा आग्रह असतो. या सेवेने तशी असंस्कारित प्रत दिली आणि सोबत खरखर काढलेली 'स्वच्छ' प्रतही दिली. आधी मी स्वच्छ प्रत ऐकली. बाबांचा आवाज एखाद्या रिकाम्या खोलीतून आल्यासारखा वाटला, शब्दांच्या शेवटचे 'स' आणि 'श' झिजलेले होते, दोन ओळींमधला त्यांचा श्वास नाहीसा झाला होता. असंस्कारित प्रतीत खरखर आहे, दाराची कडी वाजते, लहानगा भाऊ काहीतरी विचारतो आणि कोणीतरी त्याला गप्प करते, बाबा खोकतात आणि त्याच ओळीवर परत येतात. ती ऐकताना मला सारे घर ऐकू आले.

त्या प्रतीत आणखी एक गोष्ट आहे. बाबांचा शब्द येण्याच्या सुमारे दोन सेकंद आधी तोच शब्द अगदी पुसट ऐकू येतो. पहिल्यांदा मला तो भास वाटला. सेवेतल्या ध्वनितंत्रज्ञांनी समजावून सांगितले की फीत वर्षानुवर्षे गुंडाळलेली राहिली की एका वेढ्यावरच्या ध्वनीचा चुंबकीय ठसा शेजारच्या वेढ्यावर उमटतो, आणि वाजवताना तो वेढा आधी येत असल्यामुळे पुढचा शब्द आधीच कानावर पडतो. ९० मिनिटांच्या कॅसेटीतली फीत ६० मिनिटांच्या कॅसेटीपेक्षा पातळ असते, त्यामुळे तिच्यात हे अधिक होते, आणि मामांनी नेमक्या ९० मिनिटांच्याच कॅसेटी आणल्या होत्या. स्वच्छ प्रतीत हा पुसट शब्द बराचसा काढून टाकला होता. तो ठेवायचा की काढायचा, हे आधी विचारायला हवे होते, एवढीच माझी तक्रार. मूळ प्रत हाती असल्यामुळे नुकसान काही झाले नाही.

छायाचित्रांच्या बाबतीत मात्र सेवेकडून चूक झाली, आणि ती साधी चूक नव्हती. अल्बमच्या चिकट पानांवरून छायाचित्रे सोडवण्याचे काम त्यांनी दातांत घालण्याच्या बारीक दोऱ्याने, एकही कोपरा न दुमडता केले. तांबूस पडलेल्या रंगीत चित्रांचे रंगही बऱ्यापैकी सावरले. अशा चित्रांतला निळसर रंग आधी उडतो आणि उरलेले चित्र लालीकडे झुकते, तो समतोल संगणकावर परत आणता येतो. पण एका समूहछायाचित्रात बाबा मागच्या रांगेत आहेत आणि नेमके त्याच क्षणी मान वळवल्यामुळे त्यांचा चेहरा अस्पष्ट आला आहे. तो चेहरा त्यांनी आम्हाला न विचारता चेहरे सुस्पष्ट करणाऱ्या संगणकप्रणालीतून काढला. अशी प्रणाली चित्रात नसलेला तपशील स्वतःच्या अंदाजाने भरते. पानभर मोठ्या छापलेल्या त्या चित्रात डोळे होते, दात होते, भुवयांचे केसही मोजता आले असते. आईने चष्मा लावून ते चित्र पाहिले, उजेडात नेऊन पुन्हा पाहिले आणि ती म्हणाली, "अगं, हा माणूस यांच्यासारखा दिसतो. पण हे नव्हेत."

आम्ही ते पान बदलून घेतले. आता तिथे मूळ अस्पष्ट चित्र आहे, लहान आकारात, आणि त्यात मान वळवून कोणाकडे तरी पाहणारे बाबा आहेत. सेवेने दिलगिरी व्यक्त केली आणि यापुढे चेहऱ्यांवर असे काही करण्याआधी लेखी संमती घेण्याचे मान्य केले. तरीही काम देताना कागदावर स्पष्ट लिहावे की रंग आणि ओरखडे सुधारण्यापलीकडे चेहऱ्याला हात लावू नये. ज्यांनी त्या माणसाला पाहिले नाही, अशी नातवंडे उद्या तोच चेहरा खरा मानून चालतील.

यानंतर मुद्रिते, म्हणजे छपाईआधी तपासायची पाने, आली, आणि जुळाऱ्याच्या मुलीला मुद्रिते वाचायला दिली की ती काय करणार, हे सांगायला नको. बाबा गेल्यानंतर इतक्या एकाग्रतेने मी दुसरे काही केले नव्हते. पहिल्याच पानावर 'दुसऱ्याचे'च्या जागी 'दुसर्याचे' छापले होते, आणि मग पानोपानी तसेच. मराठीत हा भेद नुसता दिसण्याचा नाही. 'दऱ्या' आणि 'दर्या' हे दोन वेगळे शब्द आहेत, 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' बोलावणे ही दोन वेगळी निमंत्रणे आहेत. मजकूर जुन्या अक्षरसंचातून युनिकोड या अक्षरांच्या जागतिक संगणकीय संकेतप्रणालीत आणताना ही अक्षरे बिघडली होती. शिवाय निवडलेला अक्षरसंच हिंदी वळणाचा होता, त्यामुळे 'ल' आणि 'श' मराठी डोळ्यांना परके दिसत होते. युनिकोडमध्ये या दोन्ही वळणांसाठी एकच संकेत आहे, वळण अक्षरसंचावर ठरते, म्हणून मराठी वळणाचा संच निवडून दिला की काम भागते. मी एकूण एकशेबारा दुरुस्त्या सुचवल्या आणि त्या सगळ्या झाल्या, एकही टाळली नाही. पण मराठी ग्रंथ करणाऱ्या सेवेकडे मराठी मुद्रितशोधक नसावा, ही उणीव मोठी आहे, आणि ज्यांच्या घरात असे वाचणारे कोणी नाही, त्यांचे ग्रंथ या चुकांसह छापले जात असतील, याची मला खंत वाटते.

दुरुस्त्या करताना मी बाबांची खिळ्यांची पेटी समोर ठेवली होती. त्यात चंद्रकोरीसारख्या त्या अर्ध्या 'र'चा एक खिळा आहे. जेमतेम २३ मिलिमीटर उंचीचा, माथ्यावर उलटे अक्षर, अंगावर एका बाजूला खाच. ती खाच अंगठ्याला लागली की खिळा सुलट धरला आहे हे न पाहता कळते, असे बाबांनी मला शिकवले होते, आणि लहानपणी डोळे मिटून मी तो खेळ खेळत असे. संपादिकेने त्या खिळ्याचे छायाचित्र प्रार्थनांच्या आणि नोंदींच्या मधल्या तीन कोऱ्या पानांपैकी एकावर घेतले आहे. बाकीची दोन त्यांनी कोरीच छापली आहेत.

छपाई आणि बांधणी यांबद्दल तक्रारीला जागा नाही. कागद आम्लरहित आहे, आयएसओ ९७०६ या दीर्घकाळ टिकणाऱ्या कागदाच्या मानकाचा, आणि शिवण दोऱ्याची आहे, त्यामुळे ग्रंथ उघडा ठेवला तरी मिटत नाही. कात्रणांच्या नकला छापून मूळ कात्रणे वेगळ्या पाकिटांत दिली, तेही बरे झाले. वर्तमानपत्राच्या कागदातल्या लिग्निनमुळे तो स्वतः पिवळा पडतो आणि त्यातून सुटणारे आम्ल शेजारच्या पानालाही डागाळते. संगणकीय प्रती मात्र एकाच पेनड्राइव्हवर दिल्या, आणि हे पुरेसे नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर, हा जतनाचा साधा नियम सेवेनेच ग्राहकाला सांगायला हवा. आम्ही भावाच्या आणि माझ्या घरी वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर प्रती ठेवल्या आणि एक ऑनलाइन साठवली. कामाची सांगितलेली मुदत सहा महिन्यांची होती. ती अडीच महिन्यांनी उलटली आणि बाबांना जाऊन वर्ष झाले त्या दिवशी आमच्या हाती ग्रंथ नव्हता. आईने त्याबद्दल कोणाला काही म्हटले नाही, मला मात्र ते लागले.

एवढे सगळे धरूनही ही सेवा मी इतरांना सुचवीन, आणि ती प्रामुख्याने त्या संपादिकेसाठी आणि ध्वनिविभागासाठी. ग्रंथ आईच्या कपाटात आहे. तो ती क्वचित काढते. ध्वनिमुद्रण मात्र रोज संध्याकाळी लावते. आमच्या घरात प्रार्थना नेहमी आईच सुरू करायची आणि बाबा एका शब्दाने मागून मिळत. आता ती खरखरीत कान लावून बसते, तो पुसट शब्द आला की त्याच्याबरोबर म्हणायला लागते, आणि बाबांचा खरा आवाज येतो तेव्हा ती त्यांच्या दोन सेकंद पुढे असते.

उरलेल्या सात कॅसेटी मागच्या आठवड्यात त्याच सेवेकडे पाठवल्या आहेत. सोबतच्या कागदावर लिहिले आहे की फक्त मूळ प्रत हवी, स्वच्छ करू नये.